‘दिल्ली’ने साकारलेली ‘अकिलीस’

जुन्या युद्धपटांविषयी चित्रपटरसिकांत जे वाद रंगतात, त्यांत ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ या १९५६ च्या ब्रिटिश चित्रपटाविषयीचा वाद चांगलाच चिवट आहे. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीची ही निर्मिती. खऱ्या युद्धनौका खऱ्या समुद्रावर धावताना दाखवणारा हा नाविक युद्धपटांतील मानदंड आहे, असे एका गटाचे मत. पूर्वार्धात तोफा थंडावल्या की चित्रपटही थंडावतो, असे दुसऱ्याचे. तिसरा गट केवळ नौका मोजतो आणि चुका काढतो. या गदारोळात एक गोष्ट मात्र मराठी प्रेक्षकांच्या कानावर फारशी येत नाही. मूळ लढाईत प्रत्यक्ष लढलेली जी एकमेव नौका या चित्रपटात दिसते, ती चित्रीकरणाच्या वेळी भारतीय नौदलाची होती.

लढाई झाली १३ डिसेंबर १९३९ रोजी, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापुढे. एका बाजूला ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ ही जर्मन नौका. २८ सेंटिमीटर व्यासाच्या सहा तोफा बाळगणारी. दुसऱ्या बाजूला तीन क्रूझर. आठ इंची तोफांची ‘एक्झिटर’, आणि सहा इंची तोफांच्या ‘एजॅक्स’ व ‘अकिलीस’. तोफांच्या पल्ल्याचा हिशेब मांडला तर जर्मन नौकेचे पारडे जड होते. कमोडोर हारवूड यांनी आपल्या नौका दोन दिशांना विभागल्या, जेणेकरून शत्रूला आपला मारा विभागावा लागेल. ‘एक्झिटर’ची चाळण झाली आणि तिच्यावरील ६१ जण मृत्युमुखी पडले. पण ‘ग्राफ श्पे’लाही जखमी अवस्थेत तटस्थ उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात आसरा घ्यावा लागला. तेथे तिला ७२ तासांची मुदत मिळाली. बाहेर मोठा आरमारी ताफा जमत असल्याची हूल ब्रिटिशांनी उठवली. वास्तविक मदतीला आली होती एकटी ‘कम्बरलँड’. १७ डिसेंबरच्या सायंकाळी कप्तान लांग्सडॉर्फने आपली नौका स्वतःच उडवून दिली आणि तीन दिवसांनी ब्युनोस आयरिसमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली.

चित्रपट त्या गोळीपर्यंत जात नाही. लढाई चालू असताना कॅमेरा बहुतांशी ब्रिटिश बाजूच्या नौकांवरच राहतो. अनेक प्रेक्षकांना हे अपुरे वाटते. शत्रू दिसतच नसेल तर थरार कसला, हा त्यांचा सवाल. त्यावर उत्तर दिले जाते ते असे, की तोफांच्या त्या युगातील सागरी लढाई लढणाऱ्यालाही शत्रू असाच दिसे. क्षितिजावरचा एक ठिपका, थोडा धूर, आणि मग पाण्याचे उसळते स्तंभ. हे उत्तर पटण्याजोगे आहे. लांग्सडॉर्फविषयीही असेच दोन तट. युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षे झाली असताना पीटर फिंच या अभिनेत्याने जर्मन कप्तान सुसंस्कृत आणि खिन्न रंगवला. काहींना तो हिटलरच्या नौदलावर केलेला नको इतका उपकार वाटतो. पण त्याने नऊ व्यापारी जहाजे बुडवली आणि त्यांत एकाही खलाशाचा जीव घेतला नाही, ही इतिहासातील नोंद आहे. दिग्दर्शकाची दया नव्हे.

उत्तरार्धाला ‘संथ’ म्हणणाऱ्यांशी मात्र सहमत होणे अवघड. वकिलातींमधील खलबते, रेडिओवरील निवेदकाचे धावते वर्णन, बंदरावर लोटलेली गर्दी यांतच लढाईचा खरा निकाल लागतो. तोफांनी जे साधले नाही ते अफवेने साधले.

नौकांच्या बाबतीत दोष काढणारे प्रेक्षक बिनचूक असतात. ‘ग्राफ श्पे’च्या भूमिकेत आहे अमेरिकी नौदलाची ‘सेलम’. मूळ नौकेला तोफांचे दोन मनोरे होते, हिला तीन. पुढच्या भागावरचा १३९ हा अमेरिकी क्रमांकही दिसतो. जर्मन नौकेने वेषांतर केल्याचे सांगून चित्रपट वेळ मारून नेतो. (‘ग्राफ श्पे’ खरोखरच खोटे धुरांडे उभारून फसवीत असे, हा योगायोग दिग्दर्शकाच्या पथ्यावर पडला.) ‘एजॅक्स’च्या जागी ‘शेफील्ड’ आहे, ‘एक्झिटर’च्या जागी ‘जमैका’.

पण हे दोष दिसतात कोणाला? ज्याच्याजवळ पडताळणीचे साधन आहे, त्याला. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनजिल्ह्यांचा समुद्राशी संबंध पाण्यापुरता. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीत शिरते आणि ते पाणी बंगालच्या उपसागराला जाते. तेथील प्रेक्षकाने तोफांचे मनोरे कशाला मोजावेत? हेमलकशातील कार्यावरचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ हा २०१४ चा चित्रपट पाहताना मात्र भामरागडच्या माणसाची नजर जंगलाच्या दाटीवर, माडियांच्या बोलण्यावर, नदीच्या पात्रावर खिळणार. मुंबईकर ज्या दृश्याला सहज दाद देईल, तेथे तो अडेल. चित्रपटाविषयीच्या मतांत अभिरुचीइतकाच अशा ओळखीचाही वाटा असतो.

‘अकिलीस’च्या बाबतीत हीच ओळख आपल्याकडे हरवली. १९३९ मध्ये तिच्यावरील खलाशी बहुतांशी न्यूझीलंडचे होते. जानेवारी १९४३ मध्ये पॅसिफिकमध्ये जपानी बॉम्बने तिच्या मागील बाजूचा एक तोफ-मनोरा निकामी केला. दुरुस्तीत तो काढूनच टाकण्यात आला. १९४८ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि तिचे नाव ‘दिल्ली’ झाले. पडद्यावर ती स्वतःचीच भूमिका करते, पण चार मनोऱ्यांऐवजी तीन मनोऱ्यांनिशी. म्हणजे सर्वांत अस्सल पात्रही १९३९ च्या रूपात उरले नव्हते! भूमध्य समुद्रात ती नौका चालवत होते ते भारतीय नौसैनिक. कथेत मात्र तिच्यावर न्यूझीलंडचे खलाशी आहेत.

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर पाच वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीवच्या मुक्तीसाठी झालेल्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये याच ‘दिल्ली’ने दीवसमोर उभे राहून पोर्तुगीज ठाण्यांवर तोफा डागल्या. ब्रिटिश साम्राज्याच्या आरमारातून लढलेली नौका येथे वसाहतवादी सत्तेच्या विरोधात लढली. त्या प्रसंगावर कोणी ‘रिव्हर प्लेट’च्या तोडीचा चित्रपट काढलेला नाही.

१९७८ च्या जूनमध्ये ‘दिल्ली’ निवृत्त झाली आणि भंगारात निघाली. माझगाव गोदीत बांधलेल्या आणि १९९७ मध्ये नौदलात दाखल झालेल्या विनाशिकेला तिचेच नाव मिळाले. जुन्या नौकेचा एक तोफ-मनोरा भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडजवळ डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर तो जपून ठेवलेला आहे.