लंडनमध्ये मुलांसाठी खोली शोधताना : आधी घर, मग कागद, मग पैसे



आपण शिकवलेली, वाढवलेली मुलं आता पुढच्या शिक्षणासाठी लंडनला जायला लागली आहेत. प्रवेश मिळतो, कर्ज मंजूर होतं, व्हिसा येतो, तिकीट निघतं. मग शेवटच्या पंधरा दिवसांत प्रश्न उभा राहतो : पोरगं राहणार कुठे? या घाईतच घरचे लोक न पाहिलेल्या खोलीसाठी अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे पाठवतात. म्हणून हा विषय आपण आधीच नीट समजून घेऊ.

लंडनमधली खोली आणि मराठी विद्यार्थी हे नातं जुनं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे शिकत असताना १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतलं. शिकणाऱ्याला डोक्यावर स्वस्थ छप्पर लागतं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. त्यासाठी एकच क्रम लक्षात ठेवा : आधी घर, मग कागद, मग पैसे. फसवणारा माणूस नेमका हाच क्रम उलटा करायला लावतो.

फसवणूक कशी ओळखायची?

जाहिरातीत शहराच्या मध्यभागी सुंदर फ्लॅट दिसतो आणि भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा बरंच कमी असतं. मालक म्हणतो, "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने देतो." वर घाईही करतो, "अजून तिघे थांबलेत, आजच भरा." ही तीन लक्षणं एकत्र दिसली की तिथेच थांबा. फोटो इंटरनेटवर उलटे शोधून पाहा. तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या घराचे निघू शकतात. थेट व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा. दारापासून सुरुवात करून, सांगाल ते कपाट उघडून दाखवायला लावा. तिथे ओळखीचं कुणी असेल तर त्याला प्रत्यक्ष पाठवणं सगळ्यात उत्तम.

पहिली सोय कुठे करायची?

पहिला अर्ज विद्यापीठाच्या वसतिगृहाला करा, आणि तोही प्रवेश पक्का झाल्याबरोबर. ते जमलं नाही तर पहिले पंधरा दिवस तात्पुरती सोय करा. फिट्झरॉय स्क्वेअरमधलं इंडियन वायएमसीए भारतीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना ठाऊक आहे. ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटजवळ इंटरनॅशनल स्टुडंट्स हाऊस आहे. पंधरा दिवसांचा खर्च जास्त वाटेल, पण तेवढ्या काळात मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या डोळ्यांनी चार खोल्या पाहू शकते. न पाहता करार करण्यापेक्षा हे स्वस्तच पडतं.

भाड्याचा हिशोब

लंडनमध्ये भाडं बऱ्याचदा आठवड्याचं सांगतात. इथे आपली माणसं चटकन चारने गुणतात आणि चुकतात. वर्षात ५२ आठवडे असतात, म्हणून आठवड्याचं भाडं गुणिले ५२ भागिले १२ हे सूत्र. आठवड्याला २०० पौंड म्हणजे महिन्याला ८०० नव्हे, तर सुमारे ८६७ पौंड! वर्षाचा फरक ८०० पौंडांचा होतो.

दुसरी गोष्ट प्रवासाची. शहराचे मध्यापासून बाहेर असे झोन पाडलेले आहेत. वेम्बली, हॅरो, ईस्ट हॅम, हाउन्स्लो अशा बाहेरच्या भागांत भारतीय वस्ती भरपूर आणि भाडंही मध्यापेक्षा कमी. पण रेल्वेचं तिकीट झोनप्रमाणे वाढतं. म्हणून खोलीची तुलना करताना भाडं अधिक महिन्याचा प्रवास अशी बेरीज करा. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना १८ वर्षांवरील स्टुडंट ऑयस्टर कार्डवर मुदतीच्या पासात ३० टक्के सवलत मिळते. बसला झोनचा फरक पडत नाही.

वीज, गॅस, इंटरनेट भाड्यात धरलंय का, तेही विचारा. 'कौन्सिल टॅक्स' नावाचा स्थानिक कर असतो. घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ असतो. पण एखादा नोकरी करणारा सोबत राहत असेल तर घराला बिल येऊ शकतं.

कायदा काय सांगतो?

इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने भाडेकरूकडून काय घ्यायचं याला मर्यादा घातली आहे. खोली राखून ठेवायचं टोकन जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याइतकं. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं. म्हणजे वरच्या उदाहरणात १,००० पौंड. घर दाखवण्याचे किंवा करार बनवण्याचे वेगळे पैसे एजंटला मागता येत नाहीत.

हे डिपॉझिट मालकाने ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवायचं असतं आणि तसं भाडेकरूला लेखी कळवायचं असतं. मात्र एक फरक लक्षात घ्या. मालक स्वतः राहतो त्याच घरात खोली घेतली तर हा नियम लागू होत नाही. आपली बरीच मुलं ओळखीच्या कुटुंबात अशीच राहतात. ते वाईट नाही, पण अशा वेळी डिपॉझिट कमी द्यावं आणि पावती जरूर घ्यावी. "आपलाच माणूस आहे" हा कागद होत नाही.

पूर्वी इंग्लंडमध्ये जामीनदार नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागत. २०२५ च्या नव्या कायद्यानुसार १ मे २०२६ पासून, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनापासून, खासगी भाड्याच्या घरांत करारापूर्वी भाडं घेता येत नाही आणि त्यानंतरही एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही. वसतिगृहांचे नियम वेगळे असतात, ते त्यांच्या करारात वाचावेत.

व्हिसा तपासणं हे इंग्लंडमध्ये मालकाचं कायदेशीर काम आहे. त्यामुळे मालकाने किंवा एजंटने तो मागितला तर घाबरू नका. पण घर पाहण्याआधीच पासपोर्टची प्रत कुणालाही पाठवू नका.

सुरक्षित खोली म्हणजे काय?

स्वस्त मिळते म्हणून एका खोलीत चौघं-पाचजण राहतात. परदेशात एवढं चालायचंच, असं आपण म्हणतो. पण आग लागली तर? वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा अधिक माणसं स्वयंपाकघर, न्हाणीघर सामायिक वापरत असतील तर त्या घराला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. अशा घरात एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट जागा हवी, दोघांना १०.२२ चौरस मीटर. काही कौन्सिल याहून कमी माणसांच्या घरांनाही परवाना लावतात. परवाना आहे का, हे कौन्सिलकडे विचारता येतं.

खोली पाहताना एवढं तपासायला सांगा : प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म आहे का, गॅसचा बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, गॅस तपासणीचा या वर्षीचा दाखला मिळतो का, भिंतीला ओल आणि काळी बुरशी आहे का, खिडकी उघडते का, रात्री स्टेशनपासूनचा रस्ता उजेडाचा आहे का. राहायला गेल्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, गादीचे फोटो काढून मालकाला ईमेल करावेत. डिपॉझिट परत घेताना तेच कामाला येतात.

शिक्षकांसाठी

हे सगळं शाळेतही शिकवता येतं. गणिताच्या तासाला आठवड्याचं भाडं महिन्यात बदलायला द्या. मराठीच्या तासाला घरमालकाला प्रश्न विचारणारं पत्र लिहून घ्या. एक खरी वाटणारी खोटी जाहिरात फळ्यावर लिहा आणि मुलांना त्यातल्या खटकणाऱ्या जागा शोधायला लावा. लंडनला सगळेच जाणार नाहीत, पण पुणे, मुंबई, बंगळुरूला तर जातीलच. तिथेही घरमालक असेल, एजंट असेल, घाई असेल.

आणि पालकहो, मुलीचा फोन आला, "बाबा, आजच पैसे भरायला सांगतायत," तर रागावू नका, घाबरूही नका. एवढंच विचारा : "घर कुणी पाहिलं? कागद कुठे आहे?" दोन्हींचं उत्तर मिळेपर्यंत पैसे आपल्याच खात्यात राहू द्या.