रक्तातला एक आकडा, दोन अर्थ

ऑगस्ट १९५२. कोपनहेगनच्या ब्लेगदाम रुग्णालयात पोलिओच्या रुग्णांची रीघ लागली होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ जणांना तिथल्या यंत्रांचा आधार दिला, तरी २७ जण दगावले. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण भलतंच वाढलेलं दिसे. डॉक्टरांनी अर्थ लावला: रक्त अल्कधर्मी झालंय, कारण कळत नाही.

भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी त्याच आकड्यावरून नेमकं उलटं निदान केलं. ती चाचणी विरघळलेला वायू आणि त्यापासून बनणारं बायकार्बोनेट दोन्ही एकत्र मोजायची. बायकार्बोनेट अल्कधर्मी, ते मुळातच वाढलं तर रक्त अल्कधर्मी होतं. पण श्वास अपुरा पडून वायू साठला, तर त्याचं पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल बनतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. आकडा दोन्हीकडे चढाच. हे रुग्ण गुदमरत होते. ऑक्सिजन दिल्यामुळे ते निळे पडत नव्हते, एवढंच.

२७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद दिला गेल्यावर इब्सेन यांनी नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. वायू बाहेर पडला, मुलगी वाचली. मग सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, अशा पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अतिदक्षता विभागाची कल्पना ब्लेगदामच्या या वॉर्डांतून पुढे आली. मला यात सर्वांत मोठं वाटतं ते इब्सेन यांचं आकड्याला प्रश्न विचारणं.

निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. तो सांभाळायला फुप्फुसं मिनिटांत धावून येतात. मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. एकाच आकड्याने फसगत होऊ नये म्हणून आज मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन केलेल्या ‘एबीजी’ चाचणीत पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट हे तिन्ही एकत्र वाचायचे असतात.

फुप्फुसांची ही धाव मधुमेहातही दिसते. इन्सुलिन फारच कमी पडलं की रक्तात कीटोन आम्लं साचतात आणि रुग्ण खोल, भराभर श्वास घेऊ लागतो. घरच्यांना तो दमा वाटतो. खरं तर फुप्फुसं वायू बाहेर टाकून आम्ल कमी करायला धडपडत असतात. अशा वेळी रक्तातली साखर तपासा आणि रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्या.