मुलांची मजुरी आणि कायद्याचा उंबरठा

गिरणीत किंवा वीटभट्टीवर राबणारे मूल पाहून हळहळणारी माणसे आपल्या समाजात पुष्कळ आहेत, आणि ती हळहळ खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुलांच्या श्रमासंबंधीचे कायदे गेल्या दीडशे वर्षांत कसकसे वाढत गेले हे पाहू लागले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. कायदा गिरणीत शिरला, खाणीत उतरला, गोदीवर पोचला. पण कुटुंबाच्या उंबरठ्याशी आला की तो थबकला. हा उंबरठा आपलाही असल्यामुळे या प्रयत्नांची हकीकत आमच्या वाचकांपुढे थोड्या विस्ताराने ठेवावी असे आम्हांस वाटते.

नऊ तासांची सुधारणा

हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट १८८१ साली झाला. त्याने सात वर्षांखालील मुलास कारखान्यात घेण्याची मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाचे काम दिवसास नऊ तासांवर आणून ठेवले. सात वर्षांचे मूल आज आपल्या घरी बाराखडी गिरवीत असते. त्या वयाच्या मुलाने नऊ तास यंत्रापाशी उभे राहावे, ही त्या काळची सुधारणा! त्यापूर्वीची स्थिती काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली, आणि १८९१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा नऊ वर्षांवर गेली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलास सात तासांहून अधिक काम देऊ नये असेही ठरले.

या कायद्यांस आपल्याकडील अनेक देशी पत्रांनी विरोध केला होता. मुंबईचे स्वस्त सूत आणि कापड लँकेशायरच्या गिरणीमालकांस जाचत होते, आणि हिंदी मजुरांविषयीचा त्यांचा कळवळा त्या जाचातून उत्पन्न झाला आहे, असे या पत्रांचे म्हणणे होते. हा संशय मुळीच निराधार नव्हता. परंतु लँकेशायरचा हेतू अशुद्ध होता म्हणून मुंबईच्या मुलाची पाठ दुखावयाची थांबत नव्हती. परक्याचा स्वार्थ आणि आपल्या मुलाचे दुःख या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या वादात अनेकांच्या लक्षात राहिले नाही. हाच पेच पुढे शंभर वर्षांनी दुसऱ्या एका देशात उभा राहिला. त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

वॉशिंग्टनची परिषद

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहान्वये आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली. एका देशाने मुलांस कामावरून दूर केले आणि शेजारच्या देशाने केले नाही, तर पहिल्याचा माल महाग पडून त्याचा व्यापार बुडतो. म्हणून सर्वांनी मिळून एकच नियम करावा, हे या संघटनेमागील एक प्रमुख तत्त्व होते. तिची पहिली परिषद १९१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वॉशिंग्टन येथे भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेथे गेले होते ते भारत सेवक समाजाचे श्री. नारायण मल्हार जोशी, ज्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगच्या द्वारे मजुरांची सेवा आरंभिली होती.

त्या परिषदेने चौदा वर्षांखालील मुलास उद्योगधंद्यात कामास लावू नये असा करार मंजूर केला. पण त्यात दोन अपवाद होते, आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहेत. पहिला हिंदुस्थानापुरता. येथे चौदाची मर्यादा लागू न करता ती बारावर ठेवण्यात आली, आणि तीही यंत्रशक्तीने चालणाऱ्या व दहाहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांत, खाणींत, आगगाडीच्या व गोदीच्या कामांत. दुसरा अपवाद सर्व जगासाठी होता. ज्या उद्योगात केवळ एकाच कुटुंबातील माणसे काम करतात, त्यास हा नियम लागू नाही. बापाच्या मागावर बसलेले मूल कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले ते असे.

पहिल्या अपवादाची मुदत फार काळ टिकली नाही. १९२२ साली हिंदुस्थान सरकारने कारखान्यांसाठी बारा वर्षांची मर्यादा घातली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ती चौदावर नेली. दुसरा अपवाद मात्र निरनिराळ्या रूपांत आजतागायत टिकून आहे.

कुटुंब हे नेहमीच मुलाचे रक्षणकर्ते असते अशी आपली समजूत असते. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनला, ज्याचे श्री. जोशी हेही एक सभासद होते, निराळाच अनुभव आला. कर्जाच्या बदल्यात बापाने मुलाचे श्रम मालकाकडे गहाण टाकल्याची उदाहरणे अमृतसर, अहमदाबाद, मद्रास अशा दूरदूरच्या ठिकाणी आढळली. त्यावरून १९३३ साली असे गहाणखत बेकायदा ठरविणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. या बापास राक्षस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्याच्याजवळ जमीन नाही, दागिना नाही, भांडे नाही, त्याने सावकारापुढे ठेवावे तरी काय?

शाळेचे दार

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. कारखान्याचे दार मुलास बंद केले, तर त्याने जावे कोठे? ज्या भारत सेवक समाजात श्री. जोशी काम करीत होते, त्याचे संस्थापक नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. ते पुढील वर्षी बहुमताने नामंजूर झाले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानापुरते ते तत्त्व अमलात आणले. पण सबंध देशात शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो २०१० च्या एप्रिलात. गिरणीचे दार बंद करण्यास आपण १८८१ साली सुरुवात केली, आणि शाळेचे दार कायद्याने सर्वांस उघडले ते सुमारे एकशेतीस वर्षांनी. मधल्या काळात गिरणीतून निघालेली मुले हॉटेलांत, विडीच्या कारखान्यांत, गुरांमागे आणि आपल्या घरांत भांड्यांपाशी पोचली असतील, तर त्यात नवल ते काय?

एक दार बंद करून दुसरे न उघडल्यास काय होते, याचे ठसठशीत उदाहरण बांगलादेशाने दाखविले. १९९२ साली अमेरिकेचे सिनेटर टॉम हार्किन यांनी, मुलांच्या श्रमाने तयार झालेला माल अमेरिकेत येऊ देऊ नये असे विधेयक मांडले. ते मंजूर झालेच नाही. पण त्याच्या नुसत्या धास्तीने ढाक्याच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांनी मुलांस धडाधड काढून टाकले. काढलेल्यांचा अंदाज पन्नास हजारांच्या घरात जातो. ही मुले शाळेत गेली नाहीत. युनिसेफने १९९७ च्या आपल्या वार्षिक अहवालात नमूद केले की, त्यांपैकी अनेक जण दगड फोडण्यास, रस्त्यावर फेरी करण्यास, आणि काही मुली तर वेश्याव्यवसायास लागल्या. शिवणयंत्रापाशी बसणे वाईट होते. त्यानंतर जे पदरी आले ते त्याहून पुष्कळ वाईट होते.

सुदैवाने गोष्ट येथे थांबली नाही. ४ जुलै १९९५ रोजी तेथील कारखानदारांचा संघ, युनिसेफ व मजूर संघटना यांच्यात एक करारनामा झाला. चौदा वर्षांखालील मुलास नव्याने घ्यावयाचे नाही, पण जे आहे त्यास शाळेत जागा मिळेपर्यंत काढावयाचेही नाही. शाळेत जाणाऱ्या मुलास महिना तीनशे टका विद्यावेतन द्यावयाचे, आणि शक्य तेथे त्याच्या जागी घरातील मोठ्या माणसास काम द्यावयाचे, अशी त्याची कलमे होती. विद्यावेतन मुलाच्या पूर्वीच्या मजुरीहून कमी होते आणि योजनेत उणिवाही होत्या. तरीही मूल, शाळा आणि घरातील चूल या तिघांचा विचार एकाच कागदावर झाला, हे त्याचे महत्त्व आहे. ब्राझीलने १९९६ पासून कोळशाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या मुलांच्या कुटुंबांस रोख मदत देऊन मुलांस शाळेत बसविण्याची योजना चालविली, तिच्या मुळाशीही हेच तत्त्व होते.

आजचे आकडे

मजूर संघटनेने १९७३ साली किमान वयाचा एक सर्वव्यापी करार केला, आणि १९९९ साली वेठबिगारी, वेश्याव्यवसाय, धोक्याची कामे इत्यादी अत्यंत वाईट प्रकारांविरुद्ध दुसरा. त्याच्या आदल्या वर्षी श्री. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने मनिलाहून निघालेली जागतिक पदयात्रा जिनिव्हास पोचली होती. हा दुसरा करार २०२० च्या ऑगस्टात संघटनेच्या सर्व १८७ सभासद राष्ट्रांनी मान्य केला. इतके एकमत त्यापूर्वी दुसऱ्या कोणत्याही करारास लाभले नव्हते. भारताने हे दोन्ही करार २०१७ च्या जूनमध्ये स्वीकारले.

फळ काय मिळाले? २००० साली जगात सुमारे २४ कोटी ६० लक्ष मुले मजुरी करीत होती. २०२४ सालचा अंदाज सुमारे १३ कोटी ८० लक्षांचा आहे. त्यांपैकी ५ कोटी ४० लक्ष मुले धोक्याच्या कामांत आहेत. संख्या जवळजवळ निम्म्यावर आली, ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु २०२५ अखेर बालमजुरी समूळ नाहीशी करू, असा संयुक्त राष्ट्रांचा संकल्प होता. तो सिद्धीस गेला नाही. आणि ही मुले आहेत कोठे? शेकडा साठांहून अधिक शेतीत. २०२० च्या पाहणीत तर असे दिसून आले की, शेकडा बहात्तर मुले आपल्याच कुटुंबाच्या कामात राबत होती. वॉशिंग्टनला कायदा ज्या उंबरठ्याशी थांबला, त्याच्या आतच आज बहुसंख्य मुले आहेत.

महाराष्ट्रात हे पाहावयास दूर जावे नको. दिवाळीच्या सुमारास बीडकडील जोडपी उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. हिशोब नवराबायकोच्या ‘कोयत्या’चा असतो, मुलाचे नाव मुकादमाच्या वहीत नसते. पण मोळ्या बांधण्यास, वाढे गोळा करण्यास, धाकट्या भावंडास सांभाळण्यास ते असतेच, आणि तेवढे महिने त्याची शाळा बुडते.

आपल्या घरापुरते

राहता राहिले आपले घर. चौदा वर्षांखालील मुलास घरकामास ठेवणे १० ऑक्टोबर २००६ पासून भारतात गुन्हा आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने सर्वच धंद्यांत या वयाच्या मुलांस मनाई केली. शाळेचे तास सोडून स्वतःच्या कुटुंबास धोक्याच्या नसलेल्या कामात हातभार लावण्याची मुभा ठेवली आहे. तरीही, ‘गरिबाचे पोर आहे, दोन वेळ पोटभर जेवते, अंगावर धड कपडा मिळतो, गावी राहिले असते तर उपाशी मरते,’ हे वाक्य सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. बोलणाराचा हेतू वाईट नसतो. पण त्या मुलावर आपली खरोखर दया असेल, तर ते आपल्या मुलाबरोबर सकाळी दप्तर घेऊन बाहेर का पडत नाही, याचे उत्तर या वाक्यात मिळत नाही. बापाला पैशांची नड असेल तर ती बापाला काम देऊन, योग्य मजुरी देऊन भागवावी. ती मुलाच्या बालपणातून वसूल करणे म्हणजे १९३३ च्या कायद्याने मोडलेले गहाणखत सौम्य शब्दांत पुन्हा लिहिणेच होय.

कोणी विचारील, मग मुलांनी घरात इकडची काडी तिकडे करू नये की काय? तसे मुळीच नाही. मजूर संघटनाही प्रत्येक कामास मजुरी म्हणत नाही. देवघरातील उपकरणी उजळणे, पाने मांडणे, आजोबांस चष्मा आणून देणे यांनी मूल शहाणे होते. ज्या कामाने शाळा बुडते, शरीर झिजते, खेळ संपतो, ते निराळे. आणि ही रेघ आपल्या पोटच्या मुलींसाठीही ओढावयास हवी. सबंध दिवस घरकामात जुंपलेल्या मुली रूढ गणतीत पुरत्या येत नाहीत, असे या आकड्यांचा अभ्यास करणारे वारंवार सांगतात. एकत्र कुटुंबात पाहुणे आले, बाळंतपण निघाले, की शाळा बुडते ती कोणाची, हे प्रत्येक घराने स्वतःशी ताडून पाहावे.

जिनिव्हाचे करार मोलाचे आहेत. त्यांच्यामुळे सरकारांस लाज वाटू लागली आणि कायदे झाले. परंतु कोणताही निरीक्षक आपल्या स्वयंपाकघराचे दार ठोठावीत येणार नाही, आणि आलेला आपणांस रुचणारही नाही. म्हणून आमची विनंती एवढीच आहे की, हे दाराआडचे काम घरच्या वडीलधाऱ्यांनीच अंगावर घ्यावे. घरात लहान वयाचे मूल कामास असेल, तर त्यास नुसते काढून टाकू नये, कारण ढाक्यात काय झाले ते आपण पाहिलेच आहे. त्याचे नाव शाळेत घालावे, त्याच्या घरी जाणारा पैसा काही काळ चालू ठेवावा, आणि कामासाठी मोठे माणूस योग्य वेतनावर नेमावे. महिन्याच्या खर्चात त्याने थोडी भर पडेल. ती भर सोसणे ज्यांस शक्य आहे अशा घरांतच हे मासिक वाचले जाते, अशी आमची समजूत आहे.