मद्यविक्रीचे परवाने आणि घरातील ज्येष्ठ

शहरात दारूचे परवाने वाढवावेत की नाही, ही चर्चा बहुधा महसूल आणि अवैध दारू या दोन मुद्द्यांभोवती फिरते. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. अवैध विक्री व तिच्याशी निगडित गुन्हे वाढल्याचे कारण देत शासनाने मे २०२१ मध्ये ती उठवण्याचा निर्णय घेतला. बंदीने दारू नाहीशी होत नाही, हा युक्तिवाद सर्वस्वी फेटाळता येत नाही. परंतु बंदी नको, म्हणजे दुकाने कितीही असावीत, असे मात्र नव्हे. मद्यपानाची हानी रोखण्यासाठी उपलब्धतेवर मर्यादा घालावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सुचवते. व्यसन सोडू पाहणाऱ्याच्या रोजच्या वाटेवर दुकान नसणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

या चर्चेत ज्येष्ठांचा विचार क्वचितच होतो. वयोमानाने शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे तेवढ्याच मद्याने रक्तातील अल्कोहोल तरुणांपेक्षा अधिक वाढते. तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. झोपेच्या गोळीसोबत घेतलेले मद्य श्वास मंदावते, तर रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत रक्तस्रावाचा धोका वाढवते. जे वृद्ध स्वतः थेंबही घेत नाहीत, त्यांनाही झळ बसतेच. मुलाच्या व्यसनात आईचे निवृत्तिवेतन संपते आणि तिचीच रक्तदाबाची गोळी आणायची राहून जाते.

कुटुंबीयांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नये. दोन-तीन दिवसांत हातापायांना कंप, फिट किंवा भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. दारू सोडणे आवश्यकच आहे. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. डॉक्टरांना औषधांची यादी दाखवताना मद्यपानाची माहितीही संकोच न करता द्यावी.

नागरिक म्हणूनही आपल्या हाती काही आहे. आपल्या राज्यात २००८ च्या शासन आदेशाने वॉर्डातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केल्यास दारूदुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदानाची तरतूद केली. हीच ‘आडवी बाटली’. त्यात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडावी लागतात. म्हणजेच गुडघेदुखीमुळे घरी राहिलेल्या आजींची अनुपस्थिती दुकानाच्याच पथ्यावर पडते. मतदानाच्या दिवशी त्यांना हात देऊन केंद्रापर्यंत नेणे, हीदेखील आरोग्यसेवाच होय.