पुरुषांच्या कर्करोगातही ‘एचपीव्ही’

ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, अर्थात ‘एचपीव्ही’, बहुतेकांना ठाऊक आहे तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगामुळे. मात्र जगभरात शिश्नाच्या कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांतही हाच विषाणू आढळतो. त्यातही त्याचा ‘१६’ हा प्रकार प्रमुख. संसर्ग लैंगिक संबंधांतून होतो. बहुधा शरीरच तो परतवून लावते. पण तो वर्षानुवर्षे टिकल्यास विषाणूची ई-६ व ई-७ ही प्रथिने पेशींच्या अनिर्बंध वाढीला आवर घालणारी यंत्रणा निकामी करतात. अग्रत्वचा मागे न सरकणे, अस्वच्छता आणि तंबाखू यांमुळे धोका वाढतो.

गाठ, न भरणारी जखम वा रक्तस्राव ही लक्षणे संकोचापोटी लपवली जातात. वेळीच निदान झाल्यास अवयव वाचू शकतो. उशीर झाल्यास तो काढावा लागू शकतो. तपासणीसाठी मुंबईच गाठावी लागते असे नाही. सातारा जिल्ह्यात कराडचे कृष्णा रुग्णालय, तर सांगली जिल्ह्यात मिरजेचे सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालय आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ९ ते २६ वर्षे वयाच्या मुलग्यांनाही ती घेता येते. मात्र लस झालेला संसर्ग बरा करीत नाही. म्हणून जखम दिसताच संकोच न बाळगता डॉक्टरांकडे जाणे हेच श्रेयस्कर.