पोतं भरताना एवढं ध्यानात ठेवा

शेतकरी बंधूंनो, पुण्याच्या मार्केट यार्डात तुमचा माल उतरवणारा हमाल बहुधा तुमच्यासारखाच खेड्यातला. पूर्वी त्याला ना रजा, ना म्हातारपणी आधार. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केले. १९६९ साली राज्यात माथाडी कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत, शिवाय भविष्यनिर्वाह निधी. रास्त वेतन, सामाजिक सुरक्षा हे हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९६६ च्या करारातही आहेत. भारताने तो १९७९ मध्ये स्वीकारला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस सांगते, एका गड्याच्या पाठीवर ५५ किलोपेक्षा जास्त ओझे नको. कायदा कागदावर आहे, पोतं मात्र तुमच्या हातात. ते ठासून भरू नका. वाकते ती पाठ आपल्याच माणसाची!