माळावरचं विद्यापीठ

कोल्हापूरला आलेला पाहुणा शिवाजी विद्यापीठात जातो, मुख्य इमारतीसमोरच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ फोटो काढतो आणि परत फिरतो. त्याने थोडं आत जाऊन तळी आणि विहिरी बघाव्यात.

सागरमाळावरची ही साडेआठशे एकर जागा मुळात उजाड. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, पण माळावर विद्यापीठ वसवायचं काम पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या अंगावर पडलं. गडी इतिहासकार, पुढे ताराबाईकालीन कागदपत्रं संपादित करणारा. झाडं वाढत गेली, पावसाचं पाणी तळ्यांत अडवलं गेलं, आणि आज आवाराची बहुतेक तहान आवारातच भागते. मोरही मुक्कामाला आहेत. २०१९ च्या महापुरात पंचगंगेकाठची उपसा केंद्रं बुडाली, शहराच्या नळांना पाणी येईना, तेव्हा याच माळावरून शहराला पाणी गेलं.

पाण्याची ही जाण येते ती कार्यक्षेत्रातूनच. कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे. सोलापूर २००४ मध्ये वेगळं झालं. गगनबावड्याचा पोरगा छत्री मिटत नाही आणि जत, माणचा पोरगा टँकरची वाट बघत वाढलेला. दोघं एकाच वसतिगृहात.

यातली अनेक मुलं घरातली शिकणारी पहिलीच. त्यांच्यासाठी ‘कमवा आणि शिका’ आहे: दिवसातले काही तास आवारात काम आणि त्या बळावर शिक्षण. याची मुळं शाहू महाराजांच्या बोर्डिंगांत आणि भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत. इथे त्याला कुणी उपकार समजत नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

पहाटे हे आवार फिरायला येणाऱ्या कोल्हापूरकरांचं असतं. दिवस चढला की खर्डेकर ग्रंथालयातल्या टेबलांवर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडतात. युवा महोत्सव आला की पोवाडा आणि लोकवाद्यांच्या तालमींनी महाविद्यालयं दणाणतात. त्या दिवसांत तासांना कोण बसतं, हे विचारू नये.

तासांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. राज्यातल्या इतर सरकारी विद्यापीठांसारखीच इथेही प्राध्यापकांची पदं रिकामी आहेत. तासिका तत्त्वावरचे शिक्षक विभाग ओढतात, आणि पुढच्या वर्षी आपला तास असेल की नाही हे त्यांना जूनपर्यंत कळत नाही.